जुनंच पुस्तक का?

माझ्याकडे संध्याकाळी मराठी वाचायला शिकणारी मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, आजीशी भांडतात तेही मराठीत, पण दुकानावरची पाटी वाचता येत नाही. 'बाजारात इतकी रंगीत पुस्तकं असताना आमच्या लहानपणीचं पुस्तक कशाला काढलंत?' असं त्यांचे आईबाबा हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'कमल नमन कर' हे वाक्य घ्या. बालभारतीची स्थापना 1967 सालची. तिच्या जुन्या पहिलीच्या पुस्तकातलं हे वाक्य कित्येकांना अजून पाठ आहे. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. अक्षरं पाचच: क, म, ल, न, र. एवढी ओळखू आली की मूल अख्खं वाक्य स्वतः वाचतं. त्याच पाचांतून नरम, कलम, रकम, मलम निघतात. मग 'छगन कमळ बघ' आणखी पाच अक्षरं घेऊन येतं: छ, ग, ळ, ब, घ. आता घर, नळ, गरम आणि मगर! मगर आली की वर्गात दंगा होतो आणि मुलं 'मगर बघ', 'घर बघ' असं आपणहून पाटीवर लिहायला लागतात. घ पक्का होईपर्यंत मी ध दाखवत नाही, कारण त्या दोघांत मुलं फार गोंधळतात.

रंगीत पुस्तकात मोठं चित्र आणि खाली चार ओळींची कविता असते. मूल ती दोनदा ऐकतं, तिसऱ्या वेळी ओळीवरून बोट फिरवत घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं, आलं वाचता! चित्रावर हात ठेवून मधलाच एक शब्द विचारून पाहा. बरीच मुलं पहिल्या ओळीपासून कविता म्हणत त्या शब्दापर्यंत येतात. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे, वाचन अजून सुरूच झालेलं नाही. 'नमन' मात्र चित्र पाहून ओळखता येत नाही, अक्षरंच वाचावी लागतात.

एक अट आहे. मुलाच्या कानावर मराठी असायला हवी. 'पटकन' हा शब्द आपण प-ट-क-न असा म्हणत नाही. ट आणि न यांतला अ गिळतो. हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं. रोज 'पटकन ये' ऐकणारं मूल दोनदा अडखळून आपोआप बरोबर म्हणतं. परदेशात वाढणाऱ्या, मराठी कमी ऐकलेल्या मुलांशी आधी काही महिने नुसतं भरपूर बोला.

जुनं म्हणजे कितीही जुनं मात्र नको. आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला मला मनापासून आवडते, पण ती मोठ्यांनी वाचावी. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असं छापलेलं असतं आणि नुकतं वाचू लागलेलं मूल प्रत्येक टिंब उच्चारायला जातं.

अंकलिपीतली चित्रंही आता अडतात. औत, उखळ, ऐरण ही शहरातल्या मुलांनी पाहिलेलीच नसतात, आणि ओळखीच्या नसलेल्या वस्तूवरून अक्षर कसं लक्षात राहणार? तिथे मी चित्र झाकते आणि मुलांकडूनच शब्द मागते. 'उ'ला उशी, उंदीर, उडी असे ढीगभर शब्द मिळतात.

काना आधी, मग दुसरी वेलांटी आणि त्यानंतर पहिली. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे तिला जास्त दिवस द्यावे लागतात. ती बसली की जुनं पुस्तक मी बंद करते. त्या काळच्या पुढच्या धड्यांत उपदेश फार असतो आणि तोवर मुलांना गोष्ट हवी असते. तुमची रंगीत पुस्तकं तेव्हा आणा. त्याआधीही रोज रात्री ती मुलांना वाचून दाखवाच; फक्त त्या वेळी वाचायचं काम तुमचं, ऐकायचं त्यांचं.

घरी जुनं पुस्तक नसेल तर शोधत बसू नका. वहीच्या पानावर ती दोन वाक्यं मोठ्या, ठळक अक्षरांत लिहा, शब्दांमध्ये भरपूर जागा सोडा आणि उद्या संध्याकाळी सुरुवात करा.