अ‍ॅडव्हान्स्ड रायडिंग कोर्स घ्यावा का? फी भरण्याआधीचे सहा रविवार

2010 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) मोटरसायकल प्रशिक्षणावरचे 23 अभ्यास तपासले गेले. कोर्समुळे अपघात कमी होतात की नाही, यावर त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणून ही नोंद अपघातांची नाही, टेपने मोजता येणाऱ्या गोष्टींची आहे. स्वतःचे आकडे हातात असले की कोणता कोर्स घ्यायचा, किंवा घ्यायचाच नाही, हे ठरवणं सोपं जातं.

रविवार 1. गाडी. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते; 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. रबर कडक झालं असेल किंवा घासणीची खूण वर आली असेल, तर कोर्सची फी बाजूला ठेवा आणि आधी टायर घ्या. हवा टायर गार असताना, मॅन्युअलप्रमाणे. ब्रेक लिव्हर अशा कोनात बसवा की हात सरळ ठेवून दोन बोटं पोचली पाहिजेत. मनगट वर मोडत असेल तर घाईत लिव्हर झटक्यानेच ओढला जातो.

रविवार 2 आणि 3. ब्रेक. कोरडं, सपाट, वाळू नसलेलं डांबर, किमान 60 मीटर लांब, आणि जागेच्या मालकाची परवानगी. सहा टेनिस बॉल अर्धे कापले की बारा खुणा तयार होतात. त्यांवरून चाक गेलं तरी गाडी पडत नाही. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट, सगळं अंगावर.

वेग ताशी 40 किलोमीटर, तोही जीपीएसचा, कारण स्पीडोमीटर बहुधा वाढवून दाखवतो. ब्रेक सुरू करायच्या खडूच्या रेघेपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत अंतर मोजा. हिशेब असा: दोन्ही ब्रेक नीट लागून 0.7 जी मंदन (वेग कमी होण्याचा दर; 1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) मिळालं तर गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते. फक्त मागच्या ब्रेकवर विसंबून 0.4 जी मिळालं तर जवळपास 16 मीटर लागतात. 60 च्या वेगाला हेच आकडे 20 आणि 35 होतात, आणि प्रतिक्रियेच्या एका सेकंदात गेलेले 17 मीटर वेगळेच. आरटीओच्या आठच्या आकड्यात यातलं काहीच तपासलं जात नाही.

चूक जवळपास नेहमी एकच: पुढचा ब्रेक एकदम आवळला जातो. वजन पुढे सरकून फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) दबायच्या आत चाकावर पुरेसा भार नसतो, म्हणून ते लॉक होतं. आधी हलका दाब, फोर्क बसला की वाढता दाब, क्लच शेवटी. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीवर पुढचं चाक लॉक झालं तर लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा दाबायचा. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर असतो, मागचं चाक घसरतंच; ते बाजूला गेलेलं असताना पेडल झटक्यात सोडलं तर रबर एकदम पकडतं आणि गाडी रायडरला उडवते.

मोजणीतही फसवणूक होते. रेघ दिसताच हात आधीच ब्रेकवर जातो. मित्राला समोर, बाजूला सुरक्षित उभं करा आणि त्याच्या इशाऱ्यावरच थांबा. दहा वेळा थांबायचं आणि वहीत सर्वांत वाईट आकडा लिहायचा. रस्त्यावर रिक्षा आडवी आली की तोच आकडा वाट्याला येतो.

रविवार 4. सावकाश. 6 मीटर रुंद पट्ट्यात यू-टर्न. थ्रॉटल स्थिर, क्लच अर्ध्यावर, वेग मागच्या ब्रेकने, नजर वळणाच्या शेवटी. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लागला की गाडी आडवी.

रविवार 5. घाट, पण पावसाळ्यात नाही. ताम्हिणीत शेवाळ आणि ओली पानं असताना नवीन काही शिकायला जाऊ नये. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू बघत राहा. तो पुढे पळत असेल तर हलका थ्रॉटल, एका जागी थांबला तर आहे तोच वेग, अंगावर येत असेल तर वेग जास्त आहे. उजव्या वळणाला टायर आपल्या बाजूला असतात, पण झुकलेलं डोकं मध्यरेषेपलीकडे जातं, आणि समोरून वळण कापत एसटी येते. तिथे लेनच्या डाव्या अर्ध्यातच राहा.

रविवार 6. निर्णय. ब्रेकच्या दोन रविवारांनंतरही 40 च्या वेगाला वाईट आकडा 12 मीटरच्या वर अडकला असेल, तर बहुतेक वेळा पुढच्या ब्रेकची भीती घर करून बसलेली असते. ती एकट्याने सहसा जात नाही. इथे एक दिवसाचा मैदानी कोर्स पैसे वसूल करून देतो. आकडा 9-10 वर स्थिर असेल तर त्या कोर्समध्ये फार काही उरत नाही. मग मागून येऊन रस्त्यावरच्या चुका सांगणारा प्रशिक्षक शोधा.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोईमतूरचा ट्रॅक हे वेगळं प्रकरण आहे. थ्रॉटलवरचा ताबा, झटपट स्टिअरिंग आणि लाइन (वळणातून जाण्याचा मार्ग) तिथे शिकण्यासारखी दुसरी जागा नाही, मात्र ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. ट्रॅकवरून परतलेला रायडर घाटात जास्त सुरक्षित होतोच, असं आम्ही मानत नाही. पहिल्या तीन-चार हजार किलोमीटरच्या आत तर जाऊच नका. क्लच अजून डोक्याने चालत असतो, शिकवलेलं बसायला जागाच नसते.

फी भरताना विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण (सहाच्या वर नको), दिवसात प्रत्यक्ष गाडीवर किती तास, गाडी पडली तर खर्च कोणाचा. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकच्या दिवसाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

पुढची मोजणी कोर्सनंतर तीन महिन्यांनी, त्याच मैदानावर, त्याच टायरवर. मध्ये सराव झाला नसेल तर तेही वहीत लिहा.