धार जोरात, तरी आउटबोर्ड तापतंय

नारळी पौर्णिमेनंतर बोट दाभोळ खाडीत उतरवली आणि तेव्हापासून मशीनची, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाची, एकच कुरकुर आहे. सावकाश चालवलं तर काहीच होत नाही. फुल रेसवर खाडीच्या मुखापर्यंत नेलं, की दहाएक मिनिटांत ताकद उतरते आणि तापलेल्या रंगाचा वास येतो. रेस कमी केली की थोड्या वेळात पुन्हा सगळं सुरळीत. मशीन जपानी बनावटीचं, 40 हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सेकंडहँड. तापल्यावर वाजणारा भोंगा याला नाही, त्यामुळे नाक आणि कान हेच मीटर.

कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे मागची पाण्याची धार, मशीन गार करणारं पाणी फिरतंय याची खूण म्हणून बाहेर पडणारी. ती अगदी ठणठणीत. जेटीवरच्या एका जुन्या तांडेलांचं मत पडलं, ‘धार येतेय ना, मग कशाला खोलता?’ त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा, पण इथे मला ते पटलं नाही. धार म्हणजे मुख्य पाण्यातून काढलेला एक छोटा फाटा. तो जिथून निघतो तिथवर पाणी पोचलंय, एवढंच धार सांगते. माझ्या मशीनमध्ये तो फाटा हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, आधीच निघतो. म्हणजे हेड कोरडं पडलं तरी धार दिसत राहणार. याच्या उलटही होतं. धार बंद पडली म्हणून लोक घाबरतात आणि अडकलेली असते फक्त त्या भोकातली माती. म्हणून मशीन बंद करून आधी भोकात जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घालून बघायचं. तार नको, आतली नळी फाटते.

पाण्याचा रस्ता थोडक्यात असा. गिअरकेसवरच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडालेल्या खालच्या भागावरच्या, जाळीतून पाणी आत येतं, त्याच्या वरच पंप बसलेला असतो. पंप म्हणजे उभ्या शाफ्टवर अर्धचंद्राकृती चावीने अडकवलेला रबरी इंपेलर (पात्यांचं चाक), स्टीलच्या वाटीत जरा एका बाजूला सरकवून बसवलेला. तिथून तांब्याच्या नळीने पाणी वर चढतं, एक्झॉस्टच्या झाकणाला आणि सिलिंडरना गार करत हेडमध्ये जातं आणि थर्मोस्टॅटमधून (पाणी गरम झालं की उघडणाऱ्या झडपेतून) बाहेर पडून धुरासोबत खाली उतरतं. थर्मोस्टॅटच्या शेजारी स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह असतो. रेस वाढून दाब वाढला की तो उघडतो आणि जास्तीचं पाणी सोडून देतो.

हा रस्ता डोक्यात असला की लक्षणावरून जागा हेरता येते. स्लोमध्ये तापतं आणि रेस दिल्यावर गार होतं, तर संशय थकलेल्या इंपेलरवर किंवा वाळूचा कण अडकून उघडा राहिलेल्या त्या व्हॉल्व्हवर. स्लोमध्ये ठीक आणि फुल रेसवर तापतं, तर रस्ता कुठेतरी अरुंद झालाय: जाळी, नळी, थर्मोस्टॅट किंवा आतल्या वाटा. चालता चालता एकदम तापलं, तर आधी मशीन बंद करून त्याचा पाण्यातला पाय वर उचला आणि जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलीय का ते बघा. आपल्या खाड्यांमध्ये हे कारण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा निघतं. माझी लक्षणं दुसऱ्या प्रकारातली.

पहिली तपासणी अंगणात. नळाच्या पाइपला जाळीवर बसणारे रबरी कान लावून मशीन चालवलं तर धार झकास. पण या चाचणीवर माझा विश्वास नाही. नळाचाच दाब पाणी वर ढकलत असतो, त्यात पंपाची परीक्षा होतच नाही. खरी परीक्षा पिंपात. 200 लिटरचं पिंप, पाणी पंपाच्या वर येईल इतकं भरलेलं. कोरडं मात्र क्षणभरही फिरवू नका, रबर पाण्यावरच घसरतं.

पिंपातही धार बरी होती, तरी पंप खोलला. गिअरकेस उतरवताना गिअरचा रॉड आधी सोडवायचा असतो, आणि बऱ्याच मॉडेलांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या कल्ल्यामागे दडलेला असतो. तो राहिला तर हातोडी मारूनही काही होत नाही, फक्त पृष्ठभाग खराब होतात. आत इंपेलरची सगळी पाती शाबूत, पण एका बाजूला वाकून तशीच राहिलेली. पावसाळाभर एकाच जागी दबून बसल्यावर रबर ते वळण धरतं. वाटीवर गोल चरे होते. खाडीला येणारी वाशिष्ठी नदी पावसाळ्यात लाल माती आणि बारीक वाळू घेऊन येते आणि ती पंपातून गेली की पॉलिश पेपरचंच काम करते. इंपेलर, वाटी, खालची पट्टी, पॅकिंग सगळं नवीन टाकलं. बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत हाउसिंग खाली दाबायचं, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. जुना इंपेलर परत घालायची वेळ आली तर उलटा घालू नका, वाकलेली पाती मोडतात.

काढलेल्या इंपेलरकडे बघताना एक शंका मात्र आली. रबर बऱ्यापैकी नवीन होतं, वाटी आणि पट्टी जुन्या. म्हणजे आधीच्या मालकाकडे कधीतरी फक्त इंपेलर बदललेला. मग त्याच्या आधीच्या इंपेलरची पाती कुठे गेली?

नवीन पंपावर धार आणखी जोरात आणि फुल रेसवर ताप जसाच्या तसा. आता अंदाज पुरे, मोजायचं ठरवलं. इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचं, बहुतेकदा कमी तापमान दाखवतो, म्हणून दोन्ही सिलिंडरच्या डोक्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे चौकोन चिकटवले आणि तिथेच रोखून मोजलं. मित्राला सुकाणूवर बसवलं, झाकण काढलं. उघडं फ्लायव्हील फिरत असताना गळ्यात टॉवेल, सैल बाही काही नको, हे सांगायला नको, तरी सांगतो. फुल रेसवर खालचा सिलिंडर 61 अंश, वरचा 88 अंश. पाणी खालून वर भरत जातं, त्यामुळे वरचा थोडा गरम असणं समजू शकतो. सत्तावीस अंशांचा फरक मात्र पाणी वाटेत अडल्याचंच सांगतो.

थर्मोस्टॅटचं झाकण खोलताना 6 मिलिमीटरचा एक बोल्ट तुटला. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, म्हणजे आटे पांढऱ्या भुकटीने जाम होणारच. भेदक तेल घालून रात्रभर ठेवलं होतं, तरी गेला. ड्रिल लावायचा मोह टाळून लेथवाल्याकडे नेलं. त्याने उरलेल्या टोकावर नट वेल्ड केला आणि गरम असतानाच हलके मागेपुढे करत अख्खा बोल्ट बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. ज्यांच्याकडे असे बोल्ट अडकलेत त्यांनी ड्रिलच्या आधी हे करून बघावं.

थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात, बुडाला टेकणार नाही असा टांगला आणि गॅसवर तापवला. पन्नाशीच्या पुढे उघडायला लागला, साठीला पूर्ण उघडला. निर्दोष. तो काढूनच टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी नाही काढत. टू-स्ट्रोक फार गार चाललं की पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लग काळे पडतात. मोटारीपेक्षा याचं तापमान इतकं कमी का, त्यालाही कारण आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमच्या क्षारांचं उलट आहे. पाणी जितकं गरम, तितके ते भिंतीवर जास्त जमतात. म्हणजे एकदा तापलेलं मशीन आपल्याच वाटा आणखी बुजवत जातं. साधं मीठ गोड्या पाण्याने धुतलं जातं, हा थर जात नाही.

मग हेड उतरवलं आणि हरवलेली पाती सापडली. वरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या वळणावर काळ्या रबराचे दोन तुकडे रुतून बसले होते आणि त्यांच्याभोवती पांढरट क्षार दगडासारखा धरला होता. उरलेली वाट पेन्सिल जाईल न जाईल इतकी. स्लोमध्ये तेवढं पाणी पुरत होतं, फुल रेसला नाही. इंपेलर बदलणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती: जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते वर गेलंय, आणि ते बाहेर काढल्याशिवाय काम संपलेलं नाही.

तुकडे चिमट्याने निघाले. क्षारासाठी आधी आतले झिंक (गंज स्वतःवर घेणारे तुकडे) काढून ठेवले, कारण आम्लात तेच पहिले विरघळतात. मग कोमट पाण्यात लिंबूसत्त्व कालवून वाटांमध्ये भरत गेलो. बुडबुडे थांबले की ओतून नवीन. बाथरूम साफ करायचं ॲसिड इथे चुकूनही नको, ते ॲल्युमिनियमच खातं. शेवटी भरपूर गोडं पाणी मारलं. हेडचं नवीन पॅकिंग टाकून बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, टॉर्क पान्याने, दोन टप्प्यांत आवळले. तो स्प्रिंगचा व्हॉल्व्हही उघडलाच होता म्हणून साफ केला. त्याच्या बैठकीवर थोडी वाळू होती.

दिवाळीच्या सुट्टीत उधाणाच्या भरतीला, खोल पाण्यात, फुल रेसवर खाडीच्या मुखाशी अंजनवेलच्या बाजूला नेलं. खालचा 57, वरचा 62. ताकद उतरली नाही, वासही नाही. धार मात्र पहिल्यापेक्षा किंचित कमी झालीय. याचा अर्थ मी असा लावतो, की पूर्वी पुढे जायला जागा नसलेलं पाणी धारेच्या फाट्यातून जोर काढत होतं.

आता थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या बोल्टखाली वॉशरच्या आकाराचा सेन्सर बसवून तापमानाचा छोटा डिजिटल मीटर सुकाणूजवळ आणायचा विचार आहे. मीटर आलाय, पण खाऱ्या हवेत टिकेल असा डबा अजून मिळायचाय. तुमच्याकडे दोन सिलिंडरचं मशीन असेल तर फुल रेसवर वरच्या आणि खालच्या सिलिंडरमध्ये किती अंशांचा फरक पडतो ते काळी टेप लावून मोजा आणि कळवा. मीटरवरची धोक्याची रेघ 70 ला ठेवावी की 75 ला, हे त्यावरून ठरवीन.