मोटरहोममधील पाण्याचा पंप आणि बॅटरी: सुटा भाग मागवण्याआधी काय मोजावे

मोटरहोममधील, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतील, नळाची धार बारीक झाली किंवा पंप कण्हू लागला की बहुतेक जण थेट नवा पंप मागवतात, आणि सकाळी दिवे मंद दिसले की नवी बॅटरी. मला ही पद्धत मनापासून चुकीची वाटते. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत पंपाचे आणि बॅटरीचे दुखणे अनेकदा एकमेकांत गुंतलेले असते, आणि साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे छोटे यंत्र) हाताशी असेल तर खरा दोष कुठे आहे हे काहीही विकत न घेता कळू शकते. आम्ही इंग्लंडमध्ये वापरतो ती गाडी फियाट ड्युकॅटोच्या सांगाड्यावर बांधलेली आहे आणि आम्ही ती वापरलेलीच विकत घेतली. त्यामुळे पुढे लिहिलेले बरेचसे तिच्यावर हात चालवताना पडताळलेले आहे.

आमच्या गाडीत दाबाचा पंप आहे, म्हणजे टाकीच्या बाहेर बसवलेला, रबरी पडद्याच्या हालचालीने पाणी ओढून पुढे ढकलणारा आणि अंगावरच दाबाचा स्विच असलेला. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो आणि स्विच पंप चालू करतो. नळ बंद केला की दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढतो आणि स्विच पंप थांबवतो. अनेक युरोपीय गाड्यांत याऐवजी टाकीत बुडवलेला छोटा पंप आणि प्रत्येक नळात एक मायक्रोस्विच, म्हणजे नळ उघडताच पंप चालू करणारे छोटे बटण, असतो. अशा गाडीत एकाच नळाने पंप सुरू होत नसेल आणि बाकीच्या नळांनी होत असेल, तर पंपाकडे पाहायचे कारणच नाही; त्या नळातला मायक्रोस्विच तपासावा.

स्कॉटलंडमध्ये एव्हीमोरच्या परिसरात मुक्कामाला असताना आमचा पंप नळ बंद केल्यावरही थांबेनासा झाला. गळती कुठेच दिसत नव्हती, आणि आधीच्या मालकाने पंप बदलून घेतल्याची पावती गाडीच्या कागदपत्रांत होती, म्हणजे पंप जुना नव्हता. बॅटरीच्या टर्मिनलवर मोजले तेव्हा काहीही चालू नसताना १२.४ व्होल्ट होते आणि नळ उघडल्यावर १२.२. पंपाच्या दोन तारांवर मात्र, पंप फिरत असताना, १०.९ व्होल्टच मिळत होते. उरलेले १.३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. इतक्या कमी व्होल्टेजवर मोटार फिरते, पण स्विच बंद होण्याइतका दाब तिला गाठता येत नाही, आणि म्हणून ती फिरतच राहते. पावतीवरचा नवा पंपही याच तारांना जोडलेला होता.

व्होल्टेज नेमके कुठे जाते हे शोधण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक मोटरहोमधारकाला यायला हवी. पंप चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे, लांब तार जोडून, पंपाच्या ऋण तारेवर लावावे. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या बाजूला वाया जात आहेत. मग हेच धन बाजूला करावे. आमच्याकडे धन बाजूला ०.३ आणि ऋण बाजूला तब्बल १ व्होल्ट दिसला. टाकीमागच्या ओलसर कोपऱ्यात ऋण तारेचा एक दाबून केलेला जोड होता आणि त्यातले तांबे हिरवे पडले होते. फ्यूज काढून वीज तोडली, खराब तार स्वच्छ तांबे लागेपर्यंत कापली, नवा जोड दाबला आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. त्यानंतर ऋण बाजूचा तोटा ०.२ व्होल्टवर आला आणि पंप वेळेवर थांबू लागला. थोडा तोटा राहणारच, कारण २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून ५ अँपिअरचा प्रवाह ५ मीटर जाऊन ५ मीटर परत येताना सुमारे ०.३७ व्होल्ट तारेतच जातात.

व्होल्टेज पुरेसे असून पंप नुसताच फिरत असेल आणि पाणी येत नसेल, तर दोष बहुधा ओढण्याच्या बाजूला असतो. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की ती हवा धरते, हे गावाकडे कोणालाही सांगावे लागत नाही. इथेही तसेच घडते, फक्त हवा शिरण्याची जागा वेगळी. पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीचे पारदर्शक झाकण नीट बसले नसेल किंवा त्याखालची रबरी कडी सुकली असेल, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. गाळणी धुवावी, कडीला सिलिकॉन ग्रीस लावावे आणि नळीचे पट्टे आवळावेत.

रात्री सर्व नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर वाजला, तर दाब कुठून तरी सुटतो आहे असे समजावे. आधी सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. बाहेर कुठे थेंब नसेल, तर पंपातील झडपेतून पाणी उलट टाकीकडे जात असण्याची शक्यता मोठी असते.

थंड हवेत याहून गंभीर प्रकार घडू शकतो. ट्रुमा कंपनीच्या कॉम्बी हीटरसोबत (तो गाडी आणि पाणी दोन्ही तापवतो) फ्रॉस्टकंट्रोल नावाची झडप असते. ती बसवलेल्या जागेचे तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधील पाणी गाडीखाली सोडून देते. हे तिचे कामच आहे, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बॉयलर फुटू शकतो. पण त्या वेळी पंपाचा स्विच चालू राहिला असेल, तर पंप टाकी रिकामी करतो आणि नंतर कोरडाच फिरत राहतो.

इथे थोडे गणित करून पाहावे. मिनिटाला ७ लिटर देणारा पंप १०० लिटरची टाकी सुमारे १५ मिनिटांत उपसतो आणि ५ अँपिअर दराने त्याला सव्वा अँपिअर-तास पुरतो (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). म्हणजे रोजच्या वापराने पंप बॅटरी उतरवतो हा समज खरा नाही. तोच पंप ८ तास फिरला, तर ४० अँपिअर-तास जातात, आणि १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, तिचे आयुष्य राखायचे तर, निम्मेच वापरायचे असतात. म्हणून झोपण्यापूर्वी पंपाचा स्विच बंद करण्याची सवय मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

पंपाची शंका फिटल्यावरही बॅटरी उतरत असेल, तर तिची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. गाडी चालवून थांबल्याबरोबर किंवा सौर पॅनेलवर ऊन असताना घेतलेले माप फसवे असते. चार्जिंग आणि भार दोन्ही तोडून काही तास जाऊ द्यावेत. चांगली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी तेव्हा १२.७ व्होल्टच्या आसपास असते आणि १२.२ व्होल्टला ती निम्मी उरलेली असते. मग ५ अँपिअरचा स्थिर भार लावावा. १०० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी निम्मी व्हायला सुमारे १० तास लागायला हवेत. तीन-चार तासांत ती विसाव्यानंतर १२.२ दाखवू लागली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून क्षमता गेलेली आहे आणि ती बदलणे योग्य.

नवी बॅटरी बसवण्याआधी ती भरते कशी हेही पाहावे. युरो ६ या युरोपीय प्रदूषण मानकाच्या अनेक गाड्यांतील स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीजनिर्माता, इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज उतरवतो आणि त्याला साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) जोडलेली राहण्याच्या भागाची बॅटरी लांबच्या प्रवासानंतरही अर्धवट राहते. तिथे ते व्होल्टेज चढवून बॅटरीला देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीबद्दल सध्या बराच उत्साह आहे आणि तो अनाठायी नाही, पण तिचे सेल शून्य अंशाखाली चार्ज करायचे नसतात, हे स्कॉटलंडच्या हिवाळ्यात जाणाऱ्याने आधी विचारात घ्यावे.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवताना टाकी आणि बॉयलर रिकामे करून नळ उघडे आणि त्यांचे दांडे गरम-थंडच्या मध्यावर ठेवावेत, पंप थोडा वेळ चालवून त्यातले उरलेले पाणी काढावे आणि गाळणीही रिकामी करावी. लेड-ॲसिड बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवावी, कारण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही, तर पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रावण उणे १० अंशांच्या आसपासच गोठून तिचे कवच फोडू शकते.