नाशिक–त्र्यंबकच्या वाटेवर गाडीची काच फुटली तर

मुंबईहून कसारा घाट चढून नाशिक साधारण १७० किलोमीटर, पुढे त्र्यंबकेश्वर आणखी तीसेक. रस्ता सरळ आहे, दोन दिवसांत रामकुंड, पांडवलेणी आणि त्र्यंबक आरामात होतं. जपायचं ते गाडी उभी असताना.

रामकुंडावर स्नानाला उतरणारी माणसं पाकीट, फोन, अंगठ्या, कधी मंगळसूत्रसुद्धा गाडीत ठेवून जातात. तेही पार्किंगमध्ये पोचल्यावर, डिकी उघडून, चारचौघांसमोर. पाहणाऱ्याला एवढं पुरतं. सामान डिकीत टाकायचंच असेल तर आधीच्या चहाच्या थांब्यावर टाका आणि पार्किंगमध्ये डिकीला हात लावू नका. मौल्यवान वस्तूंची पिशवी घेऊन एकाने घाटावर बसायचं आणि स्नान आळीपाळीने करायचं, हे त्याहून चांगलं. त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेत फोन नको म्हणून तो गाडीत राहतो आणि रांग काही तासांची असते. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी चढणाऱ्यांची गाडी तर अर्धा दिवस पायथ्याशी एकटी उभी असते. तिथे मागच्या सीटवर रिकामी सॅकही दिसता कामा नये, कारण ती रिकामी आहे हे काच फुटल्यावरच कळतं.

अलार्मवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांचा अलार्म दार उघडल्यावर वाजतो. काच फोडून हात घालून बॅग ओढली तर गप्प राहतो. रिमोटचं बटण दाबल्यावर दाराचं हँडल ओढून पाहा. जॅमर, म्हणजे रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र, असेल तर दिवे लुकलुकत नाहीत आणि गाडी उघडीच राहते.

काच फुटलेली दिसली की पहिली गोष्ट म्हणजे पॉवर विंडोचं बटण दाबायचं नाही. दाराची काच टफन्ड असते, तिचे बारीक तुकडे होतात आणि निम्मे दाराच्या पोकळीत पडतात. बटण दाबलं की ते काच वरखाली करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये अडकतात आणि काचेच्या खर्चात त्याचाही खर्च वाढतो. दारही आपटू नका. काही झाडण्याआधी फोटो घ्या: नंबर प्लेटसह आजूबाजूची जागा, फुटलेली काच, आतली सीट, जमिनीवरचे तुकडे. समोरच्या दुकानाचा किंवा लॉजचा कॅमेरा कुठे आहे ते टिपून ठेवा आणि पोलिसांना लगेच सांगा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. पार्किंगची पावती जपून ठेवा.

मग पोलिसांसाठी ११२ ला फोन. रामकुंड, पंचवटी हा भाग नाशिक शहर पोलिसांकडे, त्र्यंबकेश्वर नाशिक ग्रामीणकडे. हद्द कळली नाही तरी अडत नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. तरीही घरी परतून तक्रार देण्यापेक्षा तिथेच द्या, कारण जागेचा पंचनामा तिथेच होणार. कागदावर ‘गहाळ’ लिहिलं जातंय का ते मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. हरवल्याच्या दाखल्यावर सिम मिळेल, पण विम्याला चोरीची नोंद लागते. गेलेल्या वस्तूंची खरी किंमत लिहा, त्यात चष्मा, चार्जर, बॅगही धरा. साध्या चोरीत माल ५००० रुपयांच्या आतला असेल तर प्रकरण अदखलपात्र ठरून एफआयआरऐवजी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) हातात पडू शकते.

फोन गेला असेल तर ठाण्यात वाट पाहत असतानाच सोबत्याच्या फोनवरून सिम बंद करा, मग बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय. पैसे गेल्याचं दिसलं तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन. दुसरं सिम मिळाल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेत आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. तिथे तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपी लागतो. प्रवासाला निघण्यापूर्वी *#०६# दाबून आलेला हा क्रमांक घरी लिहून ठेवलेला असावा. आरसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात, मूळ कागद गाडीत नकोत. बॅगेत घराची किल्ली आणि पत्ता एकत्र गेले असतील तर शेजाऱ्यांना लगेच फोन करा आणि कुलूप बदलून घ्या. गाडीची दुसरी किल्ली गेली असेल तर गाडी त्या जागी रात्रभर ठेवू नका.

पंचनामा झाला की काच झाकायची. जाड प्लास्टिक, मास्किंग टेप आणि रुंद खाकी टेप एवढं पुरतं. फ्रेम कोरड्या फडक्याने पुसा, ओल्यावर टेप धरत नाही आणि पावसाळ्यात त्र्यंबकला सगळंच ओलं असतं. दार उघडून प्लास्टिक फ्रेमवरून आत घ्या आणि दार हळूच लावा म्हणजे कडा दाबल्या जातील. रंगावर आधी मास्किंग टेप, तिच्यावर खाकी, नाहीतर काढताना रंगावर गोंद राहतो. वेगात हवा प्लास्टिक बाहेर ओढते, म्हणून बाहेरूनही चारही कडा चिकटवा आणि महामार्गावर सावकाश चालवा.

विम्याला कळवल्याशिवाय काच बसवू नका. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तुटलेलं दाखवावं लागतं. काचेवर घसारा धरत नाहीत, पण सक्तीची कपात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि वरच्या गाडीला २००० रुपये असते, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. लहान गाडीच्या दाराच्या एका काचेसाठी बहुधा दावा न केलेलाच बरा. आतल्या लॅपटॉपची भरपाई साध्या पॉलिसीत नसते, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं. मागच्या दाराजवळची छोटी स्थिर काच फुटली असेल तर ती बऱ्याचदा सीलंटने चिकटवलेली असते. सुकायला वेळ द्या, त्याच दिवशी गाडी धुऊ नका.

काचवाल्याकडे दाराचा पॅड (आतलं आवरण) काढायला लावा. तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे आणि दाराच्या खालची पाणी जाणारी भोकं मोकळी करायची. ती बुजली की पाणी साचून दार गंजतं. रबरी खाचेत एखादा कण राहिला तर नव्या काचेवर उभा चरा पडतो, म्हणून पैसे देण्याआधी काच तीन-चारदा पूर्ण वरखाली करून पाहा आणि करकर ऐकू आली तर पॅड पुन्हा उघडायला सांगा.