आप्पा विमानं काढताहेत म्हणे

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर चहाच्या टपरीवर ट्रान्सपोर्टवाले जमले की एक बातमी हमखास निघते: अमुक आप्पा गाड्या काढताहेत, म्हणजे विकताहेत. पुरावा विचारला तर इतकाच, की आप्पा आठ दिवस ऑफिसला फिरकले नाहीत आणि दोन ट्रक यार्डात टायर उतरवून उभे आहेत. मालवाहू विमानांच्या धंद्यातही अगदी हेच चालतं. तिकडे ट्रकच्या जागी बोइंग ७४७ आणि आप्पांच्या जागी अमेरिकेतल्या कलिट्टा एअर या मालवाहू कंपनीचे मालक कॉनी कलिट्टा.

कलिट्टा १९३८चे. ड्रॅग रेसिंगमधलं, म्हणजे सरळ पट्टीवरच्या मोटार शर्यतींमधलं, मोठं नाव. १९६७ साली स्वतः सेस्ना ३१० उडवत मोटार कारखान्यांना सुटे भाग पोचवायला लागले, त्यातून पुढे मिशिगनमधला हा सगळा पसारा उभा राहिला. मुलगा स्कॉट २००८ मध्ये रेसिंगच्या अपघातात गेला. पुतण्या डग स्वतःची चार्टर कंपनी सांभाळतो. मालकाचं वय आणि पुढे कोण, एवढ्या दोन गोष्टींवर कुजबुज वर्षानुवर्षं जगते.

आणि एकदा तर त्यांनी खरंच विकलं होतं. १९९७ मध्ये कंपनी किटी हॉक या दुसऱ्या मालवाहू विमान कंपनीकडे गेली. किटी हॉकने मे २००० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्हातारबा कलिट्टा एअर या नावाने पुन्हा हवेत. म्हणजे ज्याला विकलं तो बुडाला आणि विकणारा उरला. ‘आप्पा आता थकले’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळे.

आता विकायला असतं काय ते बघू. या कंपन्यांचं बरंचसं काम एसीएमआय पद्धतीचं: विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा मालकाचा; इंधन, लँडिंगचे पैसे आणि माल शोधणं गिऱ्हाइकाचं. आपल्याकडे ‘गाडी-ड्रायव्हर आमचा, डिझेल पार्टीचं’ म्हणतात तसंच. बिल तासावर होतं आणि करारात महिन्याला किमान तासांची हमी असते. घेणारा आधी ही हमीच वाचतो. करार संपायला सहा महिने उरले असतील तर दहा विमानांची यादी ही नुसती पार्किंगची यादी.

दुसरा माल म्हणजे इंजिनं, आणि सौदे फसतात ते इथेच. जुन्या ७४७-४०० मध्ये सांगाड्यापेक्षा चार इंजिनांची किंमत जास्त भरू शकते. इंजिनाच्या आतल्या डिस्कना (पाती बसवलेल्या फिरत्या चकत्यांना) ठरावीक सायकलचं आयुष्य असतं. एक उड्डाण-उतरणं म्हणजे एक सायकल. प्रत्येक डिस्कचा कारखान्यातून निघाल्यापासूनचा अखंड इतिहास कागदावर लागतो. मधली दोन वर्षं कुठल्या विमानावर होती हे दाखवता आलं नाही, तर चकचकीत डिस्कही भंगार. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत सायकल कमी आणि तास जास्त होतात, म्हणून डिस्क टिकते, पण उष्ण भागातली पाती झिजतात आणि इंजिन शॉपला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, जातं. ते काम काही दशलक्ष डॉलरचं. मुरलेला मालक ते टाळतो: निवृत्त प्रवासी विमान घेतो, त्यातलं थोडं आयुष्य उरलेलं इंजिन उतरवून आपल्या विमानाला लावतो. हे जमतं कारण त्याच्याकडे कलिट्टांच्या मिशिगनमधल्या ऑस्कोडासारखा स्वतःचा दुरुस्ती तळ असतो. फक्त ताफ्याची यादी बघून पैसे मोजणाऱ्याला हे कळत नाही, आणि सहा महिन्यांत तीन-चार इंजिनं एकदम शॉपच्या दारात उभी राहतात.

विमानातही फरक आहे. कारखान्यातूनच मालवाहू बनून आलेल्या ७४७-४०० ला नाकाचं दार असतं, लांबलचक पाइप तिथून सरळ आत जातात. प्रवासी विमानाचं रूपांतर केलेल्याला फक्त बाजूचं दार. ७४७ चं उत्पादन डिसेंबर २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे नाकाचं दार आता नव्याने मिळत नाही. (या विमानांतून मोबाइल, औषधं, घोडे जातात. आपली रावेर-सावद्याची केळी नाही. ती १३-१४ अंशांवर रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून समुद्रानेच जाणार. विमानाचं भाडं केळीच्या किमतीला पेलत नाही.)

मग अफवा खरी की खोटी, ओळखायचं कसं? वाळवंटात उभं केलेलं विमान, नवा वित्तप्रमुख, मालक न दिसणं, यातलं काहीच पुरावा नाही. ‘आखाती शेठ घेतोय’ हे तर ऐकून सोडून द्या: अमेरिकन विमान कंपनीत परदेशी मतदान-हक्क २५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक अमेरिकन नागरिकच लागतात. काही जण ओक्लाहोमा सिटीतल्या अमेरिकेच्या सरकारी विमान नोंदवहीत विमानाचा एन-नंबर (नोंदणी क्रमांक) कोणाच्या नावावर आहे ते तपासतात. चांगली सवय, कर्जाचा बोजाही तिथेच सापडतो. पण सौदा शेअर्सचा असेल तर मालक बदलूनही विमानावरचं नाव तेच राहतं. खरी खूण वेगळी. बाहेरचे तपासनीस हँगरच्या रेकॉर्ड रूममध्ये आठवडेच्या आठवडे बसतात, जुन्या खोक्यांतले ८१३०-३ टॅग (सुटा भाग वापरायला योग्य असल्याचे दाखले) स्कॅन होऊ लागतात. हे मेकॅनिकला सगळ्यात आधी दिसतं, वैमानिकाला फार उशिरा. मोठा सौदा असेल तर स्पर्धा कायद्याखाली ३० दिवस थांबावं लागतं, वाहतूक खात्याला मालकीबदल कळवावा लागतो. तेव्हा कुजबुजीची गरजच उरत नाही.

वैमानिकांचं दुखणं मात्र सही झाल्यावर सुरू होतं. घेणारी दुसरी विमान कंपनी असेल तर दोन्हीकडच्या वैमानिकांच्या ज्येष्ठता याद्या एकत्र होतात, आणि कॅप्टनची जागा, तळ, सुट्टी सगळं यादीतल्या नंबरावर ठरतं. अॅटलस एअर या अमेरिकन मालवाहू कंपनीने २०१६ मध्ये सदर्न एअर ही दुसरी कंपनी घेतली. दोन्हीकडच्या वैमानिकांचा एकत्र करार व्हायला २०२१ उजाडलं, तोही लवादाकडून. गुंतवणूकदारांनी घेतली, जशी अॅटलसच २०२३ मध्ये कर्जासह सुमारे ५.२ अब्ज डॉलरला गेली, तर यादी हलत नाही. म्हणून विक्रीची बातमी आली की वैमानिक किंमत विचारत नाही, घेणाऱ्याकडे आधीपासून वैमानिक आहेत का ते विचारतो.