गंजलेला टँकर

माझ्या कपाटातले बाकीचे मॉडेल ट्रक चकचकीत आहेत, हा एकच मुद्दाम मळवलेला. 1971 च्या 'ड्युएल'मधला पीटरबिल्ट 281 टँकर, 1:43 मापाचा, म्हणजे खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढा. त्या सिनेमात ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत नीट दिसत नाही, त्यामुळे खलनायक म्हणून लक्षात राहतो तो ट्रकच. पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ठोकलेल्या, जणू शिकारीची मुंडकीच.

मॉडेल आलं तेव्हा गंज अगदीच गुळगुळीत होता, एकसारखा तपकिरी. मग स्पंजचा कपटा घेऊन गडद रंग टिपत गेलो आणि वर पेस्टल खडूची पूड चोळली. टाकीच्या शिवणीपाशी पूड छान बसली. त्या भरात आरसा मोडला! घाईत सुपरग्लू लावला, तर त्याच्या वाफेने खिडकीची काच पांढुरकी पडली. पारदर्शक भागाजवळ साधा पांढरा गोंदच वापरायचा, हे माहीत असूनही.

शेजारी 'स्मोकी अँड द बँडिट' या सिनेमातला केनवर्थ ट्रक आहे. ट्रेलरवरचं दरोड्याचं चित्र झकास, पण त्याला हात लावावासा वाटत नाही.

काच तशीच ठेवलीय. आत कोण बसलंय, आता मलाही दिसत नाही.