लिमामध्ये एक मत कमी पडलं

सप्टेंबर २०२४. पेरूची राजधानी लिमा. देवमाशांच्या (व्हेलच्या) शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या ६९व्या बैठकीत दक्षिण अटलांटिक महासागर देवमाशांसाठी अभयारण्य जाहीर करण्याचा ठराव मतदानाला आला. बाजूने ४० देश, विरोधात १४, तटस्थ ३. असा ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि तटस्थ देश त्यात धरत नाहीत. ५४ चे तीन चतुर्थांश साडेचाळीस, म्हणजे ४१ मतं हवी होती. एका मताने ठराव पडला. त्याआधी २०२२ मध्ये स्लोव्हेनियात तर याच ठरावाच्या वेळी शिकारीच्या बाजूचे देश सभागृहाबाहेर गेले, गणपूर्ती मोडली आणि मतदानच झालं नाही.

नाशिकमध्ये देवमाशांचा विषय काढला की "आपल्याकडे कुठे आलाय समुद्र?" हे ठरलेलं. समुद्र घाटाखाली राहिला, पण त्या सभागृहात भारताची खुर्ची आहे. भारत १९८१ पासून आयोगाचा सदस्य आहे आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव २५ विरुद्ध ७ असा मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. त्या खुर्चीवर कोण बसतं आणि काय बोलतं, हे विचारायचा हक्क पंचवटीत राहणाऱ्यालाही आहे. ऑनलाइन याचिकेवर सही करण्यापेक्षा हा हक्क वापरणं कितीतरी पटीने उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून तो कसा वापरायचा ते नीट लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. १९८५-८६ च्या हंगामापासून बंदी लागू आहे, मग शिकार चालू कशी? तीन देश, आणि तिघांनी तीन वेगळे दरवाजे वापरले. नॉर्वेने ठरावावर मुदतीत हरकत नोंदवली आणि ती कधी मागे घेतली नाही, त्यामुळे बंदी त्याला कायद्याने लागूच होत नाही. १९९३ पासून तिथे मिंके व्हेलची व्यापारी शिकार उघडपणे चालते. आइसलँड १९९२ मध्ये आयोगातून बाहेर पडला, २००२ मध्ये परत आला तो बंदी न मानण्याची अट घालून, आणि २००६ मध्ये व्यापारी शिकार सुरू केली. जपानने कित्येक वर्षं 'संशोधन' म्हणून शिकार केली. मार्च २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अंटार्क्टिकातला तो कार्यक्रम संशोधनाच्या व्याख्येत बसत नाही असा निकाल दिला. शेवटी जपानने ३० जून २०१९ ला आयोगच सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या सागरी हद्दीत शिकार सुरू केली. अंटार्क्टिकातून मात्र त्याला माघार घ्यावी लागली. ही माघार चळवळीची कमाई आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

हे माहीत नसेल तर पत्र वाया जातं. "आयोगाची बंदी पाळा" असं जपानच्या वकिलातीला लिहिलं तर उत्तर सरळ आहे: आम्ही सदस्यच नाही. नॉर्वे म्हणेल, आम्ही हरकत नोंदवलेली आहे. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे अलास्का, ग्रीनलंड, चुकोत्का इथल्या आदिवासींची उदरनिर्वाहाची शिकार, फेरो बेटांवर पायलट व्हेलना किनाऱ्याकडे हाकत आणून केलेली शिकार आणि जपानची कारखान्यासारखी शिकार एकाच पत्रात कोंबणं. पहिलीला आयोगाची वेगळी परवानगी आहे. दुसऱ्या प्रकारचे लहान देवमासे आयोगाच्या शिकार-नियमांत येतच नाहीत. विषय मिसळले की पत्र वाचणारा अधिकारी सुटतो.

या देशांना लिहायचं असेल तर दोनच मुद्दे लिहा: क्रूरता आणि बाजार. आइसलँडच्या अन्न व पशुवैद्यक यंत्रणेने २०२२ च्या हंगामाचा अहवाल मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या हंगामात १४८ फिन व्हेल मारले. त्यांतल्या ३६ जणांवर एकापेक्षा जास्त वेळा स्फोटक भाला मारावा लागला. ज्या ५८ प्राण्यांच्या मृत्यूचं चित्रीकरण तपासलं त्यांतले सुमारे ४१ टक्के लगेच मेले नाहीत. त्यांच्या मरणाला लागलेला मध्यक वेळ साडेअकरा मिनिटं. साठ-सत्तर फुटांचा प्राणी, पाठीत भाला, आणि साडेअकरा मिनिटं. हा अहवाल कुठल्या संघटनेचा नाही, सरकारी आहे, म्हणून तोच पुढे करा. त्याच्यामुळेच आइसलँडच्या मंत्र्यांनी जून २०२३ मध्ये शिकार ऑगस्टअखेर थांबवली होती. पुन्हा परवाने निघाले हे खरं, डिसेंबर २०२४ मध्ये तर पाच वर्षांचे निघाले, पण २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे एकही फिन व्हेल मारला गेला नाही. २०२४ मध्ये परवाना उशिरा मिळाला, २०२५ मध्ये कारण बाजार. हे मांस जपानला विकायचं असतं आणि जपानमध्ये १९६२ च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांहून जास्त खाल्लं जाणारं मांस आज काही हजार टनांवर आलंय.

बाजाराशी नाशिककरांचा थेट संबंध एकाच ठिकाणी येतो: सहलीत. बर्गनच्या मासळीबाजारात आणि रेक्याविकच्या हॉटेलांत परदेशी पाहुण्याला 'एकदा चाखून बघा' म्हणून देवमाशाचं मांस देतात. सहल कंपनीला निघण्याआधी लेखी विचारा की ठरवलेल्या हॉटेलच्या यादीत ते आहे का. नॉर्वेत मेनूवर 'ह्वाल', आइसलँडमध्ये 'ह्वालुर' किंवा मिंकेसाठी 'ह्रेफना' (hrefna), जपानमध्ये 'कुजिरा' असे शब्द दिसतील. पाकीट विकत घेऊन भारतात आणणं हा गुन्हा आहे, कारण जवळपास सगळे मोठे देवमासे साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.

आता भारताच्या खुर्चीकडे. आयोगाचं काम केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाचा वन्यजीव विभाग बघतो. पहिलं पाऊल माहिती अधिकाराचा अर्ज. राज्याच्या पोर्टलवर भरून उपयोग नाही, केंद्राचं पोर्टल वेगळं आहे. शुल्क १० रुपये, मजकूर ३००० अक्षरांपर्यंत, जास्त असेल तर पीडीएफ जोडायचं. मराठीत अर्ज करायचा असेल तर पोस्टाने करा, कायदा राज्याच्या राजभाषेत अर्ज करू देतो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर मंत्रालयाच्या लेखा अधिकाऱ्यांच्या नावे भरा, कोरी पाठवू नका. अर्ज शक्यतो ५०० शब्दांच्या आत ठेवा.

इथे बहुतेकांचं चुकतं ते प्रश्नात. "सरकार देवमाशांसाठी काही करत का नाही?" ही माहिती नव्हे, मत आहे, आणि असा प्रश्न फेटाळायला मिनिट लागत नाही. कागद मागा. लिमाच्या बैठकीला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत. शिष्टमंडळाने परत येऊन दिलेल्या अहवालाची प्रत. मतदानाला आलेल्या प्रत्येक ठरावावर भारताने दिलेलं मत. गेल्या पाच वर्षांत आयोगाला भरलेली वर्गणी, तारखांसह. ही वर्गणी किरकोळ बाब वाटेल, पण थकबाकीदार देशाचा मताचा अधिकार अडकतो आणि एका मताची किंमत वर सांगितलीच आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही.

कागद हातात आले की खासदार. नाशिक शहर नाशिक मतदारसंघात, निफाड-चांदवड-कळवण दिंडोरीत, पण मालेगाव आणि बागलाण धुळे मतदारसंघात येतात. आपल्या खासदारालाच गाठा, दुसऱ्याचं कार्यालय पत्र पुढे ढकलतं. अतारांकित प्रश्न मागा. त्याचं उत्तर लेखी येतं आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच स्वीय सहायकाकडे मसुदा पोहोचला पाहिजे. १५० शब्दांच्या आत, एकाच मंत्रालयापुरता, आणि त्यात युक्तिवाद, विशेषणं, आरोप काही नको. अ, ब, क असे उपप्रश्न करून टाइप केलेला मसुदा दिला तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं "देवमाशांवर प्रश्न विचारा" म्हटलं तर सहायकाला सगळं शोधायला लागतं, आणि ते राहून जातं.

यातला एक उपप्रश्न अरबी समुद्राबद्दल असलाच पाहिजे. आपल्या या समुद्रात हंपबॅक देवमाशांची एक वेगळी वस्ती आहे. जगातले बाकीचे हंपबॅक थंड आणि उष्ण समुद्रांत दरवर्षी हजारो किलोमीटर ये-जा करतात, हे मात्र बारा महिने इथेच राहतात. दक्षिण गोलार्धातल्या हंपबॅकपासून त्यांचा वंश सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला. आज ते शंभराहूनही कमी असावेत असा अंदाज आहे. ते इतके कमी होण्याला शिकार कारण आहे: १९६५-६६ मध्ये सोव्हिएत ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्याजवळ २४२ हंपबॅक मारले, तेही आयोगापासून लपवून. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर शास्त्रज्ञांनीच बाहेर आणले. साठ वर्षं होत आली तरी ती वस्ती सावरलेली नाही. दुसरीकडे, ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक एकेकाळी साडेचारशेच्या आसपास उरले होते आणि बंदीनंतर सुमारे २५ हजारांवर गेले. म्हणजे बंदीने काम होतं, पण मूळ भांडवल अगदीच संपलं आणि वर दुसरे धोके आले तर नुसती बंदी पुरत नाही.

ते दुसरे धोके म्हणजे जाळी आणि जहाजं. जहाजांपाशी नाशिक पुन्हा येतं. जानेवारी ते एप्रिल निफाड-दिंडोरीची द्राक्षं न्हावाशेवाहून युरोपला जातात, आणि तांबड्या समुद्राची वाट धरली की जहाज याच हंपबॅकच्या अरबी समुद्रातून जातं. लासलगाव-पिंपळगावचा कांदा मलेशियाला जातो तो श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा भूशिराला वळसा घालून. तिथे निळे देवमासे आणि जगातला एक सर्वांत गजबजलेला जहाजमार्ग एकाच पट्ट्यात आहेत. मार्ग १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर टक्कर खूप कमी होते, हे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं स्वतःहून तशी वळवली.

वेगाचा हिशेबही मांडलेला आहे. जहाज १५ नॉटने (ताशी सुमारे २८ किलोमीटर) चालत असेल तर धडकेत देवमासा मरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास. ११.८ नॉटखाली ती निम्म्याहून कमी होते, साडेआठ नॉटला २० टक्क्यांवर येते. म्हणून निर्यातदारांना, द्राक्ष उत्पादकांच्या कंपन्यांना एक साधी विनंती: फॉरवर्डरकडून (माल जहाजाने पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडून) दर मागवताना दोन ओळी जास्त लिहा. तुमची जहाज कंपनी डोंड्राला दक्षिणेचा मार्ग घेते का? देवमाशांच्या पट्ट्यात वेग १० नॉटवर आणते का? एका बागायतदाराने विचारलं तर काही होणार नाही. हंगामाला शेकडो कंटेनर भरणाऱ्यांनी विचारलं तर तो प्रश्न कंपनीच्या कार्यालयात वर जातो. युरोपातले खरेदीदार औषधांच्या उर्वरित अंशापासून पाण्याच्या वापरापर्यंत सगळं विचारतात. हा प्रश्न त्यांनाही पटेल.

जाळ्यांबाबत आपल्या राज्यात एक चांगली गोष्ट झाली आहे. डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. कोकणात ओळखीचे कोळी बांधव असतील तर हे नक्की सांगा. गुजरातमध्ये व्हेल शार्कची (तो मासाच, देवमासा नव्हे) शिकार थांबली ती नुसत्या कायद्याने नाही. तो २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, पण २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी "ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे" असं गावोगाव सांगितलं आणि जाळ्याची भरपाईही जोडीला आली, तेव्हा कोळ्यांनी स्वतः जाळी कापायला सुरुवात केली. मोहीम कशी करावी याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

देवमाशाची उलटी म्हणून जे कोट्यवधींना विकण्याच्या बातम्या येतात, त्या अंबरग्रीसपासून लांब राहा. ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळांच्या चोचींभोवती बनतं. किनाऱ्यावर सापडलं तरी बाळगणं आणि विकणं आपल्याकडे गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत शिक्षा तीन ते सात वर्षं.

आणि सुट्टीत कोकणात गेल्यावर. २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं आणि खूप खटपटीनंतरही वाचलं नाही. जिवंत देवमासा वाळूवर दिसला तर आधी वनविभागाची हेल्पलाइन १९२६. शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणके निखळतात. पाण्याबाहेर त्याचं स्वतःचं वजन फुप्फुसांवर येतं आणि अंग तापतं, म्हणून ओली चादर अंगावर टाका, पाणी मारत राहा, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. वल्ह्यांसारख्या दिसणाऱ्या पुढच्या परांखाली वाळू उकरून खळगा करा. गर्दी पन्नास पावलं मागे. मेलेला असेल तर हात लावू नका, पोटात वायू साठून तो फुटू शकतो आणि जंतूही असतात.

फोटो मात्र काढा: पूर्ण शरीर बाजूने, डोकं, पाठीवरचा पर, आणि शेपटीची खालची बाजू, मोजमापासाठी शेजारी चप्पल किंवा छत्री ठेवून. तारीख, वेळ, गावाचं नाव टिपून वनविभागाला द्या आणि मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरही नोंदवा. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. शंभरही नसलेल्या त्या वस्तीतला तो नेमका कोणता, हे त्या एका फोटोवरून कळू शकतं.